कै., वै. की स्व.? अण्णांच्या पत्रिकेवर काय लिहायचं?

बाळीवेसची लेक | सोमवार, रात्री ९:१२
आमच्या अण्णांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. प्रथम पुण्यस्मरणाची पत्रिका छापायला टाकली आणि पहिल्याच शब्दावर अडलेय.

प्रेसवाल्याने न विचारताच 'कै.' जुळवून पाठवलं. ते पाहून अण्णांच्या दिंडीतले माळकरी म्हणाले, ३६ वर्षं माघवारी चाललेला माणूस, 'वै.' म्हणजे वैकुंठवासीच पाहिजे. काका म्हणाले, आपल्यात माणूस कुठे जात नाही, 'लिंगैक्य' लिहा. बहिणीच्या सासरहून निरोप आला की 'स्व.' टाका, कुणाचं मन दुखायला नको.

अण्णांचं थोडं सांगते. जन्म लिंगायत घरातला, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. गिरणीत साळखात्यात साच्यावर होते. तिथल्या जोडीदाराने त्यांना पहिल्यांदा पंढरपूरला नेलं आणि डबीशेजारी तुळशीची माळ आली. संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या काठ्यांबरोबर चालायचे, ती उतरवून धुऊन वाळत घातली की माघातल्या वारीचे टाळ बाहेर निघायचे. गिरणी बंद पडली, मग टॉवेलच्या कारखान्यात मागावर गेले. पगार निम्म्यावर आला, पण ही दोन्ही चालणी सुटली नाहीत. गेले तेव्हा आमच्या रीतीने बसवून समाधी दिली, हातात लिंग. गळ्यातली माळ काढायची की ठेवायची, यावर अंगणात बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी आई म्हणाली, राहू द्या.

मला भांडण लावायचं नाही. मला खरंच कळत नाही की हे शब्द कुठली जागा सांगतात. माझा सहा वर्षांचा मुलगा विचारतो, आज्जाकडे जायला कुठली गाडी? तीन वेळा विचारलं, तीन वेळा मी वेगळं उत्तर दिलं. जाणत्यांनी सांगा.

सातरस्ता | सोमवार, रात्री ९:३१
कै. लिहा ताई. आमच्या घरात गेलेल्या प्रत्येकाच्या फोटोखाली कै.च आहे आणि आम्ही काही शैव नाही. मराठीत तो शब्द आता सगळ्यांचा झालाय.

पोथीवाचक | सोमवार, रात्री १०:२०
सगळ्यांचा झाला म्हणून त्याचा अर्थ पुसला गेला असं मला वाटत नाही. ताईंनी जागा विचारल्यात, तर मला माहीत आहे ते सांगतो.

स्वर्ग इंद्राचा. राजधानी अमरावती. भूः, भुवः, स्वः, महः, जनः, तपः, सत्यम् या सात लोकांतला तिसरा. तिथे पुण्याच्या जोरावर जायचं आणि पुण्य सरलं की पुन्हा मृत्युलोकात उतरायचं, हे गीतेच्या ९व्या अध्यायात स्पष्ट आहे. म्हणजे ती धर्मशाळा झाली, घर नव्हे.

वैकुंठ या सातांच्या मोजणीत येत नाही. सत्यलोकाच्याही पलीकडे, तिथून परत फिरणं नाही. कुंठा म्हणजे अडणं, बोथट होणं. ती जिथे नाही ते वैकुंठ. गंमत अशी की विष्णुसहस्रनामात 'वैकुंठ' हे गावाचं नाव नाही, खुद्द विष्णूचं नाव आहे. भागवताच्या ८व्या स्कंधात त्याचा उगम सांगितलाय. शुभ्राची पत्नी विकुंठा, तिच्या पोटी भगवान आले म्हणून ते वैकुंठ, आणि लक्ष्मीच्या इच्छेखातर त्यांनी तो लोक रचला. म्हणजे मुळात आईचं नाव मुलाला आणि मुलाचं नाव गावाला.

३ऱ्या स्कंधातलं वर्णन मला फार आवडतं. नैःश्रेयस नावाचं वन आहे. तिथे भुंगा गुंजारव करू लागला की कोकिळ, हंस, पोपट, मोर सगळे क्षणभर गप्प होतात, जणू हरिकथा सुरू झालीय. मंदार, कमळ, पारिजात अशी एकाहून एक सुवासाची फुलं आहेत, पण ती सगळी तुळशीला मान देतात, कारण देवाने गळ्यात तिला घेतलंय. तुमच्या आईने माळ राहू द्या म्हटलं ते वाचताना मला हेच आठवलं.

कैलासाचं वेगळंच आहे. पुराणांत शिवलोक येतो, पण कैलास म्हटलं की हिमालयापलीकडचा पर्वत. नकाशावर बोट ठेवता येतं.

तेव्हा माळकऱ्याला 'स्व.' लिहू नये असं माझं मत.

हुरडा | सोमवार, रात्री १०:४४
वैकुंठातून परत फिरणं नसतं म्हणताय, मग जय-विजय? ते तर तिथले द्वारपालच होते की. दारातून थेट राक्षसाच्या जन्माला.

पोथीवाचक | सोमवार, रात्री ११:०५
बरोबर पकडलंत. सनकादिक चौघे सहा दारं ओलांडून गेले, सातव्या दारात या दोघांनी वेताची काठी आडवी धरली. पाच वर्षांची पोरं दिसतात, अंगावर वस्त्र नाही, म्हणून अडवलं. जिथे अडणंच नाही अशा गावात कुणाला तरी अडवलं, हाच त्यांचा दोष. देव स्वतः पायी दारापर्यंत आला आणि चूक माझ्या माणसांची म्हणजे माझी, असं म्हणाला. पुढे तीन जन्म: हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र. कीर्तनात सांगतात की भक्त होऊन सात जन्म किंवा वैरी होऊन तीन, असा पर्याय होता आणि लवकर घरी यायला मिळावं म्हणून त्यांनी वैर निवडलं. ते गेले तेही परत येण्यासाठीच. म्हणून मी त्याला पतन म्हणत नाही.

गावकुस | सोमवार, रात्री ११:३८
पोथीवाचक, तुमचं ते वाक्य पुन्हा वाचा. 'जिथे अडणंच नाही अशा गावात कुणाला तरी अडवलं.'

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या चोखोबाला भूवैकुंठाच्या दारात अडवलं होतं. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. हाडं वेचताना ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं नामदेवांनी ओळखलं, ही कथा सगळे डोळे पुसत ऐकतात. आणि समाधी बांधली महाद्वारासमोर. बाहेर. जिवंतपणी जिथवर येऊ दिलं तिथंच. देऊळ सगळ्यांना उघडं व्हायला साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं.

माझ्या आजोबांच्या नावामागे आम्ही काहीच लिहिलं नाही. नाव लिहिलं, गाव लिहिलं. ताई, तुमच्या वडिलांबद्दल मनापासून आदर आहे, माझं बोलणं त्यांच्यावर नाही. पण वैकुंठाचं वर्णन करताना दार कुणाला उघडं होतं हेही सांगा, एवढंच.

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ७:१५
दाराचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं दार सांगते.

आम्ही तेलुगू, पद्मशाली. घरात माग, आई विड्या वळायची. धनुर्मासात शुद्ध एकादशी येते, तिला तुम्ही वैकुंठ एकादशी म्हणता, आमच्यात मुक्कोटी एकादशी. बालाजीच्या देवळात त्या पहाटे उत्तरेचं दार उघडतात. एरवी ते बंद असतं. त्यातून आत गेलं की वैकुंठात गेल्याचं पुण्य. आई तीनला उठून बंबात पाणी तापवायची, आम्हा तिघी बहिणींना न्हाऊ घालायची आणि अंधारात रांगेत उभी करायची. थंडीने दात वाजायचे. पुढे जाऊन पाहिलं तर दार काही मोठं नाही, साधी चौकट, वर झेंडूची माळ. आई ओलांडताना पदर डोक्यावर घ्यायची, आणि पलीकडे गेली की आम्हाला एकेक करून हात धरून ओढून घ्यायची.

गावकुस दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. त्या रांगेत आपल्यापुढे कोण, मागे कोण, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ते दार वर्षातून एकदाच का उघडतात हेही आज पहिल्यांदा मनात आलं.

काठीवाला | मंगळवार, सकाळी ८:०२
बाळीवेसची पोरगी म्हणजे आमचीच की वो. अण्णा कुठल्या काठीला होते ते सांगा, मी ओळखत असणार.

आता मी सांगतो. सोलापुरात राहून कैलास कुठंय विचारलालाव म्हटल्यावर मला बोलायलाच पाहिजे. इथलं सोन्नलिगे गाव. सिद्धराम लहान पोर, गुरं राखत होता. एक जंगम आला, नाव मल्लय्या. पोराने हुरडा दिला. जंगम म्हणाला पोटात आग पडली, दहीभात आण. पोरगं घरी पळत गेलं, दहीभात घेऊन आलं तर जंगम नाही. मल्लय्या, मल्लय्या करत रानभर फिरला. वाटेने श्रीशैलाचे यात्रेकरू चालले होते, ते म्हणाले चल, मल्लय्या दाखवतो. तिथे गेल्यावर त्यांनी देवळातलं लिंग दाखवलं. पोर म्हणालं हा नव्हे, माझ्याशी बोलणारा पाहिजे. आणि दहीभात हातात तसाच. शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघाला तेव्हा मल्लिकार्जुनाने हात धरला.

पुढचं महत्त्वाचं आहे. देव म्हणाला नाही की राहा इथंच. देव म्हणाला, गावाकडं जा आणि तिथंच श्रीशैल कर. मग पोरगं परत आलं, ६८ लिंगं बसवली, तळं खोदलं. राघवांकाने १३व्या शतकात कन्नडमध्ये सिद्धरामांचं चरित्र लिहिलं, तिथपासून आपल्या गावाला अभिनव श्रीशैल म्हणतात. दरवर्षी काठ्या त्या ६८ लिंगांना तेल घालायला निघतात ती वाट हीच. तुमचे अण्णा कैलासाच्या वाटेवरच चालत होते. कै. लिहा, डोळे मिटून लिहा.

अक्कलकोटचा मास्तर | मंगळवार, सकाळी १०:४०
काठीवाले, कथा सुंदर सांगितलीत. पण काकांचं म्हणणं कुणी नीट मांडलेलं नाही, म्हणून लिहितो. मी कन्नड शिकवतो.

लिंगैक्य म्हणजे प्रवास नव्हे. अंग आणि लिंग वेगळी उरत नाहीत, एवढंच. जायला जागाच नाही, कारण जाणारा वेगळा राहत नाही. म्हणून आपल्यात श्राद्ध नसतं, पिंड नसतो. बसवण्णांचं एक वचन आहे, त्याचा आशय असा की देवलोक आणि मर्त्यलोक निराळे नाहीत. खरं बोलणं हाच देवलोक, खोटं बोलणं हाच मर्त्यलोक. आचार हा स्वर्ग, अनाचार हा नरक. हेच बसवण्णा कल्याणला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, जाण्याआधी मंगळवेढ्यात होते. गावकुस दादा, ज्या मातीत चोखोबा त्याच मातीत त्यांच्याआधी बसवण्णा राहून गेले.

'कायकवे कैलास' हे तर इथल्या पानपट्टीवरही लिहिलेलं असतं. काम हाच कैलास. ते बसवण्णांचं म्हणून सांगतात, पण ते येतं आय्दक्की मारय्याच्या वचनात. हा माणूस सांडलेले तांदूळ वेचून दासोह, म्हणजे अन्नदान, चालवायचा. एकदा गरजेपेक्षा जास्त वेचून आणले तर बायको लक्कम्मा म्हणाली, हे आपले नव्हेत, नेऊन टाका. त्या घरातून हे वाक्य आलंय.

आणि काठीवाले, राग मानू नका. बसवण्णांचे समकालीन अल्लमप्रभू सोन्नलिग्याला आले तेव्हा तळं खोदणाऱ्या सिद्धरामांना त्यांनी 'वड्डा' अशी हाक मारली, दगड फोडणारा. लिंगं बांधून, तळी खणून मोक्ष साठवतोस का, असा तो सवाल होता. पुढे सिद्धराम कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंग घेतलं. म्हणजे भूकैलास करणाऱ्यालाही जागेच्या पलीकडे जायला लागलं.

काठीवाला | मंगळवार, सकाळी १०:५८
मास्तर, राग आलाय. तळं खणलं नसतं तर गावाने काय प्यालं असतं? अल्लम मोठे, पण पाणी सिद्धरामांचं. आणि कल्याणहून ते परतच आले की. समाधी कुठंय? तळ्यातच.

अक्कलकोटचा मास्तर | मंगळवार, सकाळी ११:२०
हे मात्र खरं. तळं खणणं हे त्यांचं कायकच होतं. तुमचं-माझं भांडण तिथे मिटतं बहुतेक.

चिमणी | मंगळवार, दुपारी १:१०
विषय सोडून लिहितेय. आमच्या पिढीच्या मुलांना वैकुंठ म्हणजे फक्त ती गाडी. वैकुंठरथ. माझ्या मुलीने रस्त्यात पाटी वाचून विचारलं, आई, ही वैकुंठला जाते का, आपण कधी जायचं? मी तिला दटावून गप्प केलं. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमी, साताऱ्याला कैलास स्मशानभूमी. एवढे उजळ शब्द आणि आपण ते कुठे नेऊन ठेवले. ताई, तुमच्या मुलाला तुम्ही तीन उत्तरं तरी दिलीत, मी एकही दिलं नाही. आज देणार आहे.

सातरस्ता | मंगळवार, दुपारी १:२५
मराठी पेपरात पूर्वी मुसलमान माणूस गेला की 'पैगंबरवासी' आणि ख्रिश्चन गेला की 'ख्रिस्तवासी' छापायचे. माझ्या वडिलांच्या दोस्ताच्या बातमीत पैगंबरवासी होतं, कात्रण अजून घरात आहे. ज्याला त्याला त्याच्या माणसाजवळ पोचवायची ती रीत होती. काल रात्री मी 'सगळेच लिहितात' म्हणून हात झटकले, ते मागे घेतो.

डोल्मा | मंगळवार, दुपारी ३:४५
नकाशावर बोट ठेवता येणाऱ्या कैलासाला मी जाऊन आलेय, २०१८ साली, लिपुलेख खिंडीतून.

उंची ६,६३८ मीटर. एव्हरेस्टपुढे काहीच नाही, पण त्यावर आजवर कुणी चढलेलं नाही. फक्त प्रदक्षिणा घालायची, सुमारे ५२ किलोमीटर, तीन दिवस. यमद्वारातून आत शिरायचं, हा तिथला पहिला उंबरठा. दुसऱ्या दिवशी डोल्मा खिंड, साडेपाच हजार मीटरच्या वर. तिथे दहा पावलं चाललं की थांबावं लागतं. डोक्यात एकही विचार राहत नाही, फक्त पुढचा श्वास. खाली हिरवंगार गौरीकुंड दिसतं.

आणि तिथे आपण एकटे नसतो. तिबेटी बौद्ध त्याला कांग रिन्पोछे म्हणतात, कितीएक जण लोटांगण घालत परिक्रमा करतात. बोन पंथाचे लोक उलट्या दिशेने फिरतात, त्यामुळे ते समोरून येतात आणि हसून पुढे जातात. जैनांना तो अष्टापद, ऋषभदेवांचं निर्वाणस्थान. एकच डोंगर, चार घरचे देव, आणि चढायचं कुणीच नाही.

मानसरोवराचं पाणी गोड, शेजारीच राक्षसताल, ते खारट. मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. रात्री तिथे बसून मी माझ्या सासूबाईंचं नाव घेतलं, त्यांची ही यात्रा राहून गेली होती. कैलासवासी हा शब्द त्यांच्या फोटोखाली लिहिताना आता मला तो वारा आठवतो.

२०२०पासून यात्रा बंद होती, २०२५ला पुन्हा सुरू झाली. काठीवाले काका, पाय चांगले असतील तर जाऊन या.

काठीवाला | मंगळवार, दुपारी ४:०३
पाय चांगले आहेत. पण संक्रांत सोडून सांगा.

डोल्मा | मंगळवार, दुपारी ४:०६
जूनपासून पुढे असते काका.

भीमाकाठ | मंगळवार, रात्री ९:५०
दिवसभर वाचत होतो. मी पंढरपूरचा, आणि गावकुस दादांचं वाचल्यावर लगेच लिहावंसं वाटलं नाही.

दादा, तुम्ही म्हणता ते खोटं ठरवता येत नाही आणि मी ठरवणारही नाही. माझे आजोबा त्या उपोषणाच्या वेळी दार उघडायच्या विरोधात होते. घरात हे कुणी बोलत नाही, मी आज लिहितो. लोक नामदेव पायरीवर डोकं टेकतात आणि चोखोबांसमोरून घाईने पुढे जातात, हे मी रोज पाहतो.

तरीही पंढरीला भूवैकुंठ का म्हणतात ते सांगतो. नामदेवांच्या अभंगात क्रम उलटा आहे. आधी पंढरी रचली, मग वैकुंठनगरी. चराचर नव्हतं तेव्हाही पंढरपूर होतं. म्हणजे पंढरी वैकुंठाची नक्कल नव्हे, वैकुंठच पंढरीमागून आलं. का, तर इथे देव स्वतः उठून आला. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता, त्याने मागे न वळता वीट टाकली, थांब म्हणाला. देव थांबला. अठ्ठावीस युगं झाली, अजून कुणी त्याला बस म्हटलेलं नाही.

ज्ञानोबारायांनी ९व्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी घातलंय की मी एखादे वेळी वैकुंठातही नसेन, सूर्यबिंबातही दिसणार नाही, योग्यांच्या मनातूनही निघून जाईन. पण हरवलेला मी शोधायचा असेल तर जिथे माझा नामघोष चाललाय तिथे शोधा. देव स्वतः वैकुंठात नसण्याची शक्यता सांगतो. मग चोखोबांना बाहेर ठेवणाऱ्यांनी कुणाचं दार राखलं? देव तर हाडांत होता. हे मी तुमच्याकडून शिकलो, दादा.

तुकोबा सदेह वैकुंठाला गेले म्हणून आपण बीज करतो. पण त्यांनी मागितलं काय? मुक्ती नको, संपदा नको, संतसंग दे, आणि त्यासाठी पुन्हा गर्भवासात खुशाल घाल.

आता ताईंच्या डबी आणि माळेबद्दल. आमच्या गावात नरहरी सोनार होते. कडवे शैव, विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही हा नेम. एका सावकाराने देवाचा करगोटा करायला दिला. माप दुसऱ्याने आणून दिलं, पण दागिना कधी तोकडा, कधी सैल. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले. हात लावला तर गळ्यात नाग, अंगावर व्याघ्रचर्म. शंकर म्हणून पट्टी काढली तर समोर विठोबा. पुन्हा बांधली तर पुन्हा शंकर. आणि विठोबाच्या मस्तकावर शिवलिंग आहे हे आम्ही पंढरपूरकर बाळपणापासून ऐकतो. रामदासांनीही मनाच्या श्लोकांत ते म्हटलंय. तुमच्या अण्णांचे दोन देव एकमेकांना ओळखतात, ताई. आपण पत्रिकेवर कशाला भांडायचं.

हुरडा | मंगळवार, रात्री १०:१२
कार्तिकातली वैकुंठ चतुर्दशी पण सांगा की. विष्णूने शंकराला हजार कमळं वाहायला घेतली, एक कमी पडलं तर स्वतःचा डोळा काढून द्यायला निघाला. त्या दिवशी विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात. एरवी ज्याचं चालत नाही ते त्या दिवशी चालतं.

अक्कलकोटचा मास्तर | मंगळवार, रात्री १०:३०
आणि लिंगायत वारकरी हे नवल नाही, ताई. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारच्या मन्मथस्वामींनी मराठीत अभंग लिहिले, कार्तिकी पौर्णिमेला तिथे दिंड्या जातात. काकांना हे माहीत असणार. त्यांचा आग्रह माळेविरुद्ध नसावा, भावाचा शेवटचा शब्द आपल्या भाषेत असावा एवढाच असावा. एकदा विचारून पाहा.

गावकुस | मंगळवार, रात्री ११:१५
भीमाकाठ, आजोबांचं लिहिलंत, त्याला छाती लागते. कधी मंगळवेढ्याला आलात तर चोखोबांच्या गावात चहा प्यायला या.

ताई, मी काहीच लिहू नका असं सुचवलं नव्हतं, ते आमच्या घरचं होतं. तुमच्या अण्णांनी दोन्ही वाटा पायाने चालून मिळवल्यात. चालणाऱ्याने मिळवलेला शब्द लिहायला हरकत काय?

पोथीवाचक | बुधवार, सकाळी ६:४०
सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता अशा चार मुक्ती सांगतात. देवाच्या गावात राहणं, जवळ राहणं, त्याच्यासारखं होणं, त्याच्यात मिसळणं. काल 'वै.' म्हणजे पहिली आणि 'लिंगैक्य' म्हणजे चौथी, असं मी मनाशी मांडून ठेवलं होतं. रात्री वाटलं, ही मोजणी आपल्यासाठी आहे, जाणाऱ्यासाठी नव्हे. म्हणून थांबतो.

बाळीवेसची लेक | गुरुवार, रात्री ८:५५
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, पूर्वभाग ताईंच्या दाराजवळ तिने थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

मास्तर म्हणाले तसं काकांशी बोलले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, समाधीच्या वेळी माळ काढा असं सुचवणारा मीच होतो, आणि वहिनीने नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. त्यांना पत्रिकेत कन्नडमध्ये एक ओळ हवी होती, कारण आजी गेली तेव्हाची पत्रिका पूर्ण कन्नडमध्ये होती आणि यावेळी एकही अक्षर नव्हतं. आम्हा मुलांना ते सुचलंच नाही, आम्हाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.

आईला विचारलं, तुला काय वाटतं, अण्णा कुठे आहेत? ती म्हणाली, गड्ड्याला निघताना सांगून जायचे, वारीला निघताना सांगून जायचे, यावेळी न सांगता गेले, म्हणून मी विचारत नाही.

तर ठरलं असं. पत्रिकेला दोन बाजू. मराठी बाजूला 'वै.', कारण ती दिंडीत वाटली जाणार. कन्नड बाजूला 'लिंगैक्य', आणि तो मजकूर काका स्वतः लिहून देणार. प्रेसवाल्याचं 'कै.' दोन्हीकडून गेलं, पण काठीवाले काका, तुम्ही नाराज होऊ नका. मुलाला आज संध्याकाळी तळ्यावर नेलं होतं. दहीभाताची कथा सांगितली. तो म्हणाला, म्हणजे आज्जाकडे जायला आपल्या गल्लीतून चालत येतं? मी हो म्हटलं. पुढच्या माघात त्याला पंढरपूरला नेणार आहे, तेव्हा दुसरी वाट सांगेन.

कार्यक्रम रविवारी, तारीख कळवते. सकाळी जंगमांकडून पूजा, संध्याकाळी हरिपाठ.

काठीवाला | गुरुवार, रात्री ९:१०
नाराज कशाला. तळ्यावर नेलंत ना. कन्नड बाजू छापायच्या आधी मास्तरांना दाखवा, लिंगैक्यमधला जोडाक्षराचा घोळ प्रेसमध्ये नेहमी होतो.

अक्कलकोटचा मास्तर | गुरुवार, रात्री ९:१८
पाठवा, त्याच दिवशी तपासून देतो.

भीमाकाठ | गुरुवार, रात्री ९:४०
हरिपाठाला आम्ही अकरा जण येतो. वीणा आमची. जेवायला साधी भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, पक्वान्नाच्या खटपटीत पडू नका. गावकुस दादा, तुम्हीही या, मी मंगळवेढ्याहून तुम्हाला घेऊनच निघतो.